थापांचा दर्जा राखण्याबाबत

रा. रा. थापाडेसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

आपण खोटं बोलता याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आम्ही, म्हणजे आपले सोसायटीतले नेहमीचे श्रोते, वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. तक्रार आहे ती दर्जाची. हल्ली आपण फार हलगर्जी झाला आहात. परवा सभेला उशीर झाला तेव्हा आपण फोनवर म्हणालात, "चांदणी चौकात अडकलोय, गाडी इंचभर हलत नाही." वाक्य उत्तम, आवाजातला वैतागही अस्सल. पण मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, गॅस बंद करा!" २०२२ साली जुना पूल पाडल्यापासून चांदणी चौक बराच बदलला, हे मान्य, पण तिथे स्वयंपाकघरं निघाल्याचं ऐकिवात नाही.

एवढा निष्काळजीपणा करायची गरज तरी काय? आमच्याइतकी भाबडी गिऱ्हाइकं आपल्याला कुठे मिळणार! २००६ साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या शेकडो प्रयोगांचा ताळा मांडला. खरं-खोटं ओळखायला बसलेल्या माणसांचे शंभरातले ५४ अंदाज बरोबर निघाले. नाणं उडवूनही पन्नास आले असते. त्यातली नुसती खोटी विधानं वेगळी काढली, तर पकडली गेली ती ४७. आमची सारी भिस्त डोळ्यांवर. 'नजरेला नजर देत नव्हता' म्हटलं की खटला निकालात. त्याच वर्षी अठ्ठावन्न देशांतल्या लोकांना विचारलं, खोटारडा कसा ओळखाल, तेव्हा सर्वांत जास्त वेळा हेच उत्तर आलं. प्रयोगांत मात्र नजरेचा आणि खोट्याचा धड संबंध सापडत नाही. आपला अनुभवही तोच सांगतो. उसने मागताना आपण डोळ्यांत डोळे घालून, दंडावर हात ठेवून बोलता. नजर चुकवतो तो पैसे परत मागायला आलेला माणूस.

यंत्राची भीती बाळगू नका. सोव्हिएत संघाला गुपितं विकणारा ऑल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा लाय डिटेक्टरमधून सुखरूप सुटला. आपल्याकडे तर संमतीशिवाय अशी चाचणी करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून टाकलं आहे. आणि आपण संमती दिलीत, तरी ती खरी कशावरून?

आपल्याला खरा धोका आहे तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. आठवतं ना, सासऱ्यांच्या बायपासची हकिकत? किती ब्लॉकेज, कुठली रक्तवाहिनी, डॉक्टर काय म्हणाले, सगळं तोंडपाठ होतं. आम्ही हळहळत होतो. काकू खाली मान घालून गवार मोडत होत्या. आपल्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपलं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "रात्री थांबायला एकच पास देतात ना हो? कुणाच्या नावावर होता? आणि गाडी कुठं लावलीत?" रक्तवाहिन्यांची तयारी होती, पार्किंगची नव्हती. आपण म्हणालात, रस्त्यावर. मग म्हणालात, रिक्षानेच गेलो होतो. मग सासरे मुळात आयसीयूत नव्हतेच. सासरेबुवा त्याच सकाळी बागेत टाळ्या वाजवत हास्ययोग करत होते, हे काकूंनी पाहिलं होतं. पण आपण पुरते गुंतेपर्यंत त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

समोरच्याला आधी पोटभर बोलू द्यायचं आणि आपल्या हातातला पुरावा शेवटी दाखवायचा, ही रीत स्वीडनमधल्या पोलीस प्रशिक्षणार्थींना शिकवून पाहिली, तेव्हा त्यांचे शंभरातले ८५ अंदाज बरोबर आले. न शिकलेल्यांचे ५६. काकूंना कुणी शिकवलं, ठाऊक नाही. त्या आपल्या थापांच्या तारखा कालनिर्णयाच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याशेजारी लिहून ठेवतात, एवढं मात्र आम्ही पाहिलं आहे.

आपल्या बाजूनेही सांगतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत दिवसभरातल्या निम्म्या थापा जेमतेम पाच टक्के लोकांनी मारलेल्या निघाल्या. म्हणजे आमच्या वाटचा भारही आपणच उचलता. पदरमोड करून नव्हे, हे खरं. आणि लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की स्वार्थासाठी वारंवार खोटं बोलत गेलं, की मेंदूतला भावनांशी निगडित भाग थंडावत जातो आणि खोटं वाढत जातं. आपलंही असंच चढत गेलं. आधी 'लाइट गेली होती', मग 'चेक टाकलाय, क्लिअर होतोय', आणि आता 'मंत्रालयात ओळख आहे, कोट्यातून म्हाडाचं घर मिळवून देतो'.

म्हाडाची सोडत संगणकावर निघते. आम्ही कुठलाही दलाल नेमलेला नाही, हे म्हाडा वारंवार जाहीर करते. आपल्या वॉचमनकाकांनी ते वाचलं नव्हतं. पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी पन्नास हजारांचं टोकन आपल्या हातावर ठेवलं. त्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि पतसंस्थेला चांदणी चौकातलं ट्रॅफिक सांगून चालत नाही.

तरी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात पन्नास हजार रुपये रोख घेऊन यावं. चेक नको. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट तर मुळीच नको. यूपीआयच्या व्यवहार क्रमांकात बारा आकडे असतात. मागच्या महिन्यात आपण काकांना दाखवलेल्या स्क्रीनशॉटात अकराच होते. काकूंनी बोट ठेवून मोजले, दोनदा. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज त्यांनीच लिहून ठेवला आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.

कळावे, लोभ होता.

आपले,
विश्वासू श्रोते

ता. क. पत्र मिळालंच नाही, असं आपण म्हणाल. म्हणून एक प्रत लिफ्टशेजारच्या फलकावर लावली आहे. लिफ्ट बंद होती, ही सबब सांगू नये. आपण तळमजल्यावर राहता.