शुक्रवार चोरणाऱ्या काकांना खुले पत्र

श्री. काका यांस,



ऑफिसात मी तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारते, कारण इंग्लंडातली रीतच तशी आहे. गणेशोत्सवात भेट झाली की काका म्हणते. हे पत्र काकांना आहे आणि मुद्दाम मराठीत आहे. कामं तुम्ही इंग्रजीत सांगत होतात, पण माझा शिकायचा शुक्रवार हवा असला की तुम्ही मराठीवर यायचात. "अगं, एवढ्या शुक्रवारचं बघ ना, घरचंच समज." या एका वाक्यावर तुम्ही माझं पहिलं वर्ष पोखरलंत. मॅनेजरला मी नाही म्हटलं असतं. काकांना नाही म्हणायला मला घरी कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुमचं किंवा कंपनीचं नाव मी लिहीत नाही. वाचताना तुम्हाला ओळख पटेल, तेवढं पुरे.

काय चोरलंत ते वाचकांना कळावं म्हणून थोडं सांगते. इंग्लंडमध्ये 2015 पासून डिग्री अप्रेंटिसशिप सुरू झाली आणि सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत संगणकाचा अभ्यासक्रम होता. ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, संपवून मुलगा किंवा मुलगी थेट नोकरीला लागते, पगार घेते आणि त्याच काळात विद्यापीठाची पदवी करते. फी मुलाकडून घेता येत नाही. ज्या कंपनीचा वर्षाचा पगारखर्च 30 लाख पौंडांहून जास्त आहे, तिला 2017 पासून वरच्या रकमेवर अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही भरावी लागते. तो पैसा अशा शिक्षणावर खर्च करता येतो. ठरलेल्या मुदतीत वापरला नाही, तर तो कंपनीच्या हातून जातो. माझ्या वर्गातल्या ज्या मुली नेहमीच्या पद्धतीने विद्यापीठात गेल्या, त्यांच्या डोक्यावर दर वर्षी नऊ हजारांहून अधिक पौंड फीचं कर्ज चढतंय. माझ्यावर ते नाही. ही योजना मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच तुमचा राग येतो.

या योजनेचा कणा एकच आहे. शिकायचा वेळ पगारी कामाच्या वेळेतूनच दिला पाहिजे. आधी नियम होता कामाच्या वेळेच्या वीस टक्क्यांचा, 2022 पासून पूर्ण वेळ काम करणाऱ्याला आठवड्याला सरासरी किमान सहा तास, आणि 2025 पासून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी किमान तास ठरवून दिले गेले. आकडे बदलले, तत्त्व बदललं नाही. शिकणं संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी झालं, तर तेवढा वेळ कामातून मोकळा करून द्यावा लागतो. रोजचं नेहमीचं काम शिक्षण म्हणून मोजता येत नाही. प्रशिक्षणाच्या करारावर विद्यापीठाची, माझी आणि कंपनीची अशा तीन सह्या आहेत, आणि कंपनीची सही तुमची आहे. त्या कागदावर शुक्रवार माझा आहे.

तुम्ही एकदम पूर्ण शुक्रवार कधीच मागितला नाहीत. आधी स्टँडअपला, टीमच्या छोट्या बैठकीला, फक्त पंधरा मिनिटं ये म्हणालात. मग रिलीज जवळ आली म्हणून सकाळ गेली. मग टेस्टिंगची मुलगी रजेवर म्हणून दुपार गेली. मग सपोर्टच्या तिकिटांवर नजर ठेव, लेक्चर एका कानाने ऐक. कणगीतून रोज मूठभर धान्य काढलं तर वरून काही दिसत नाही, पावसाळा आला की तळ दिसतो. माझा पावसाळा मे महिन्यात आला, परीक्षेबरोबर.

तुमच्या बाजूने बोलायचं ते आधी बोलते, कारण तेही खरं आहे. कामाने मला खूप शिकवलं. दुसऱ्याने सहा-सात वर्षांपूर्वी लिहिलेला कोड न घाबरता वाचणं, छोटी पुल रिक्वेस्ट करणं, रिव्ह्यूमध्ये आलेल्या शेऱ्यांवर रुसून न बसणं, काहीतरी मोडलं की आधी मागे घेणं आणि मग कारण शोधणं. टीममधल्या एका सीनियर बाईंनी मला बाजूला बसवून गिटचा इतिहास वाचायला शिकवलं. कुठली ओळ कुणी, कधी आणि कशासाठी बदलली, हे शोधता येऊ लागलं आणि तो अगडबंब प्रोग्राम मला माणसांनी लिहिलेला वाटायला लागला. कुठल्याही वर्गात हे असं मिळत नाही.

पण काम मला आपल्या कंपनीत कसं करतात ते शिकवतं. का करतात, आणि वेगळं करता येईल का, हे शुक्रवार शिकवतो. ऑर्डरचा तो रिपोर्ट तुम्हाला आठवत असेलच. उघडायला इतका वेळ घ्यायचा की ग्राहक फोन करून ओरडायचे. ज्या शुक्रवारी त्या रिपोर्टचे स्क्रीन हाताने तपासायला तुम्ही मला बसवलंत, त्याच शुक्रवारी विद्यापीठात डेटाबेसचं लेक्चर होतं. विषय होता जॉइन, इंडेक्स आणि क्वेरी प्लॅन. मी रात्री रेकॉर्डिंग पाहिलं आणि दिवसभर ज्याच्यासमोर बसले होते त्याचं कारण समोर आलं. कोड आधी ऑर्डरची यादी मागत होता आणि मग यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे पुन्हा नवी क्वेरी पाठवत होता. शंभर ऑर्डर, एकशे एक फेऱ्या. त्यातून ज्या कॉलमवर शोध चालायचा त्यावर इंडेक्सच नव्हता. पुढे त्या सीनियर बाईंनी एक जॉइन लिहून आणि एक इंडेक्स टाकून तो रिपोर्ट सरळ केला. तो शुक्रवार माझ्याकडे राहिला असता, तर सोमवारी मी ते टीमसमोर मांडलं असतं. नुकसान माझं झालं तसं कंपनीचंही झालं. तेही तुम्हीच केलंत.

"आमच्या वेळी कुणी शिकवलं नाही, आम्ही काम करता करता शिकलो," असं तुम्ही नेहमी म्हणता. काका, तुम्ही पुण्यात चार वर्षं पूर्ण वेळ इंजिनीअरिंग केलंत. त्या चार वर्षांत डेटाबेसच्या तासातून उठवून कुणी तुम्हाला सपोर्टच्या तिकिटांवर बसवलं नाही. प्रॅक्टिकलच्या वेळी रिलीजचं कारण सांगून कुणी तुमची जर्नल बंद केली नाही. तुमच्या आईवडिलांनी तुमचा शिकायचा वेळ पोटाला चिमटा काढून राखला, हे तुम्ही स्वतः गणपतीच्या जेवणावळीत सांगितलं आहे. जो वेळ तुम्हाला मिळाला, तोच मी मागते आहे, आणि तोही आठवड्यातला एक दिवस.

इथवरचं मी गिळलं असतं. नोंदवहीचं गिळता येत नाही. शिकण्याच्या तासांची नोंद ठेवावी लागते. ती विद्यापीठ पाहतं आणि सरकारचे तपासनीसही पाहू शकतात. दर काही आठवड्यांनी तुम्ही, मी आणि विद्यापीठाच्या मार्गदर्शक अशी तिघांची बैठक होते. अशाच एका बैठकीच्या आधी तुम्ही मला म्हणालात, तिकिटांचे तास "समस्या सोडवण्याचा सराव" म्हणून लिही, सगळे तसंच करतात. खोटं लिहायला सांगितलंत, आणि त्याच्याखाली सही माझी असणार होती. मी ते लिहिलं नाही, तर पुढचे अनेक दिवस तुम्ही माझ्याशी तुटक वागलात. वरिष्ठ माणसाने नवख्या मुलीला पहिल्याच वर्षी हे शिकवावं, याची मला चीड आहे.

माझ्याबरोबर लागलेला एक इंग्रज मुलगा नाताळनंतर सोडून गेला. त्याच्या घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं. दिवसभर काम, रात्री असाइनमेंट, शनिवार-रविवारी राहिलेली लेक्चरं, हे त्याला झेपलं नाही. अर्धवट सोडणारे थोडे नाहीत. इंग्लंडमध्ये 2022-23 साली सगळ्या प्रकारच्या अप्रेंटिसशिप मिळून पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून थोडंच अधिक होतं. सोडण्यामागे कारणं पुष्कळ असतात, सगळी तुमच्यासारख्यांच्या माथी मारणार नाही. पण या मुलाचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो निरोप घ्यायला आला तेव्हा तुम्ही त्याला "चिकाटी कमी पडली" म्हणालात. चिकाटी त्याच्याकडे होती. शुक्रवार नव्हता.

हे पत्र महाराष्ट्रातल्या वाचकांपुढे ठेवायचं कारणही आहे. आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदव्यांची मार्गदर्शक तत्त्वं 2025 मध्ये आणली आहेत. पदवीची काही सत्रं कंपनीत, विद्यावेतनावर, श्रेयांकांसह. कल्पना चांगली आहे आणि ती रुजावी असं मला वाटतं. पण एक फरक ध्यानात घ्या. मी इथे नोकरीतली कर्मचारी आहे, मला किमान वेतन आहे, पगारी रजा आहे, दाद मागायला जागा आहे. भारतातल्या कायद्यात शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. इथे इतकं संरक्षण असूनही माझे शुक्रवार गेले. तिथे असा एखादा काका भेटला, तर त्या मुलाच्या हाती काय उरेल?

काका, सप्टेंबरमध्ये आपल्या टीममध्ये दोन नवी मुलं येत आहेत. त्यांचे शुक्रवार स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याच्या, आखणीतच वगळा, म्हणजे रिलीजच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे हात पसरावा लागणार नाही. माझे गेलेले तास दुसऱ्या वर्षात कामाच्या वेळेतून परत द्या. करारानुसार ते कंपनीकडे माझं येणं आहे. गेल्या वर्षाची खरी नोंद मी विद्यापीठाच्या मार्गदर्शकांकडे दिली आहे. ती मागे घेणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी अशा पदवीला जाणार असेल, तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: शिकायचा दिवस कोणता, आणि तो हिरावला गेला तर दाद कुणाकडे मागायची. उत्तर देणारा नात्यातला निघाला, तरी कागद मागाच.

आपली,
दुसऱ्या वर्षात पाऊल टाकणारी एक शिकाऊ डेव्हलपर