टक्कल पडले तर पथक येते

आमचा बुलढाणा जिल्हा संशोधनाच्या बाबतीत भलता नशीबवान. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तर नमुने लगोलग प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव शोधून काढले. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीने हातात यायला लागले, तर वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, शास्त्रज्ञ थेट गावात उतरले. संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवले. पाऊसपाणी आणि पिकांचे सांगायला भेंडवळची घटमांडणी आहेच. त्या घटात अठरा धान्ये असतात, दारूची क्वार्टर तेवढी नसते. असती तर ‘पीक साधारण, क्वार्टर जोरात’ एवढे एकच भाकीत दरसाल पुरले असते.

तर पाण्याचा रंग बदलला की तपास, डोक्यावरचे केस गेले की तपास. लिव्हर गेले की मात्र शेजारी म्हणतात, ‘लय पेत होता’, आणि तेराव्याला जेवून घरी जातात. त्यासाठी दिल्लीहून पथक आल्याचे काही ऐकिवात नाही.

बरे, सरकारला मोजता येत नाही असेही नाही. दारू मोजण्यात तर त्याचा हात धरणारे कोणी नाही. 10 जून 2025 ला राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवले की देशी दारूवरचा कर प्रूफ लिटरमागे 180 चा 205 रुपये. विदेशी म्हणवणाऱ्या, पण देशातच बनलेल्या दारूवर तो निर्मितीखर्चाच्या तिप्पट होता, तो साडेचार पट. 180 मिलिची देशीची बाटली कमीत कमी 80 रुपयांना, विदेशी 205 ला, आणि मधल्या गिऱ्हाइकासाठी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवाच वर्ग, 148 ला. ही मधली म्हणे धान्यापासून बनणार. म्हणजे उद्या मोताळ्या-मलकापूरकडच्या मका उत्पादकाच्या भल्यासाठी प्या, असे कोणी सांगितले तर नवल मानू नका. 2022 मध्ये द्राक्षवाल्यांच्या भल्यासाठी सुपरमार्केटात वाइन ठेवायला सरकार निघालेच होते.

या सगळ्यातून वर्षाला 14,000 कोटी जादा येतील, असा सरकारचा अंदाज. जगभरचे संशोधन सांगते की दारू महाग केली की पिणे कमी होते, आणि ते खरेही आहे. पण अर्थ खात्याने आधीच 14,000 कोटी जमेला धरले, म्हणजे आपली माणसे पिणे सोडणार नाहीत याची त्याला खात्री दिसते. लोकांवर एवढा विश्वास आजवर कुठल्या खात्याने टाकला नव्हता. ‘लाडक्या बहिणी’ला सरकारी योजनेतून महिन्याला 1500 मिळतात. तिचा नवरा रोज एक देशी क्वार्टर घेत असेल तर महिन्याला 2400 देऊन येतो. ते सगळेच सरकारच्या तिजोरीत जात नाहीत, दुकानदाराचाही वाटा असतो. पण घरातून जातात ते पुरे 2400.

आणि हे सारे ज्या कायद्याखाली चालते, तो 1949 चा दारूबंदीचा कायदा. त्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. देशीचा एक दिवसाचा परवाना 2 रुपयांना. आता दोन रुपयांची पावती खिशात घालून अड्ड्यावर जाणारा नागरिक कोणाला भेटला असेल, तर त्याचा सत्कार मी स्वखर्चाने करीन. शाल-श्रीफळासकट.

दारू माणसाचे काय करते याचा पुरावाच हवा असेल तर सकाळी आठला, सरकारमान्य देशीचे दुकान उघडते त्या वेळी, कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडाच्या मागे जाऊन उभे राहा. चाळिशीचा माणूस येतो, दिसतो साठीचा. नोट देताना ती फडफडते. ग्लास हातात धरला तर निम्मी सांडेल, म्हणून तो गळ्यातला शेला काढतो, मानेमागून घेतो, एक टोक ग्लासाच्या हाताला गुंडाळतो आणि दुसऱ्या हाताने दुसरे टोक खाली ओढतो. हात हळूहळू तोंडापर्यंत चढतो. दुकानदार तिकडे बघतसुद्धा नाही, रोजचेच. पाच मिनिटे जातात. मग त्याच माणसाचे हात स्थिर होतात, तो शेला झटकून खांद्यावर टाकतो आणि मजुरीच्या नाक्यावर जातो. विचारले तर म्हणतो, ‘हात चालू झाल्याबिगर काम कसं करू, भाऊ?’

याला तुम्ही बेवडा म्हणा, दारुडा म्हणा. डॉक्टरच्या भाषेत तो पेशंट आहे. दारू एकाएकी बंद झाली तर याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, वेळेत औषध न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. दिल्लीच्या एम्सने 2019 मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या हिशेबाने दारूच्या पुऱ्या आहारी गेलेल्या 38 जणांतल्या एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि दवाखान्यात भरती होण्याचे भाग्य 180 जणांतल्या एकाला. बाकीच्यांसाठी स्टँडाच्या भिंती आहेत. ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता’, खाली मोबाइल नंबर. बायको त्या नंबरावरून मागवलेली पुडी भाजीत कालवते. पुडीत काय आहे हे तिला ठाऊक नसते, विकणाऱ्यालाही असेलच असे नाही.

यावर आपल्याकडे चर्चा कसली चालते? शटरची. दुकानाचे शटर वर असावे की खाली. वर्धा जिल्हा 1975 पासून बंद, गडचिरोली 1993 पासून बंद, चंद्रपूर 2015 ला बंद झाला आणि 2021 ला उघडला. मातृतीर्थ म्हणवणारा आमचा जिल्हाही दारूमुक्त करा, म्हणून इथल्या बाया मोर्चे काढत आल्या. त्यावर शहाणे लोक विचारतात, वर्ध्यात काय मिळत नाही का? मिळते. पण माझे मत विचाराल तर मी बायांच्या बाजूचा. दुकान शाळेच्या वाटेवर असणे आणि बाटलीसाठी दहा किलोमीटर चोरून जावे लागणे, यात फरक पडतो. तो ज्यांना पडत नाही त्यांच्या घरी बहुधा फ्रिज आहे.

मात्र शटर पाडणाऱ्यांनीही त्या शेलेवाल्याचे काय करणार हे सांगितले पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत दुकाने महिनाभराहून जास्त बंद होती आणि मे महिन्यात उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. रांगेत फक्त शौकीन नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीची ओपीडी, औषध, महिनाभर पाठपुरावा करणारा एखादा माणूस, हे न करता केलेली बंदी निम्मीच. राज्याचे व्यसनमुक्ती धोरण 2011 चे आहे. ते सामाजिक न्याय विभागाकडे, दारू उत्पादन शुल्क विभागाकडे. एक खाते ऑक्टोबरात व्यसनमुक्तीचा सप्ताह करते, दुसरे खाते 31 डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवायची मुभा देते. 

दारू माणसात मोजायची वेळ येते ती फार उशिरा. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटली, 25 माणसे गेली. मग चालकाचे रक्त तपासले आणि त्यात मद्यांश सापडल्याचा अहवाल आला. बस सुटताना त्याला फुंकर मारायला कोणी सांगितले असते, तर एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेची गरजच नव्हती.

शेतकऱ्याचे तर आणखी वेगळे. पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत बुलढाणा पहिल्यापासून आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर घरच्यांना मदत एक लाखाची. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा यांची कागदपत्रे हवीत. अहवालात कोणी ‘व्यसनाधीन होता’ असे लिहिले की त्याच्या विधवेच्या फायलीवर ‘अपात्र’ चढायला वेळ लागत नाही. 2015 मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी राज्यसभेत आत्महत्यांची जी कारणे सांगितली, त्यांत नशापाणी आणि प्रेमप्रकरणे होती. जिवंतपणी 80 रुपयांत जो सरकारचा करदाता, तोच मेल्यावर त्याच बाटलीपायी अपात्र.

राजकारणी लोकांना दारूचे महत्त्व कळत नाही, असा आरोप मात्र कोणी करू नये. बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड 2024 ची विधानसभा 841 मतांनी जिंकले. 2025 च्या जानेवारीत मोताळा तालुक्यातल्या एका कार्यक्रमात त्यांनी मतदारांवर तोंडसुख घेतले, शिवीसकट: दारू, मटण आणि दोन हजारांत विकले गेलात म्हणून. संताप समजण्यासारखा आहे. पण ही दारू मतदारांना पाजली कोणी, आणि ती निवडणुकीच्या महिन्यात गावात आली कुठल्या वाटेने, यावर भाषणात काही आले नाही.

841 चा आकडा लक्षात ठेवा. आमदाराला समोरच्यापेक्षा एक मत जास्त पडले तरी पुरते, मतदानाला किती आले याच्याशी देणेघेणे नाही. गावातले दुकान बंद करायचे असेल तर मात्र नियम वेगळा. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होणार, मग गुप्त मतदान, बंदीसाठी आडवी बाटली, दुकान चालू ठेवायला उभी. आणि आडव्या बाटलीला मते हवीत ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हेत, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, वीटभट्टीवर असलेली, पुण्या-सुरतेला कामाला गेलेली प्रत्येक बाई न येता उभ्या बाटलीच्या कामी येते. लग्न होऊन सासरी गेलेली पोर, जिचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे, तीही. चार वर्षांपूर्वी वारलेली म्हातारीसुद्धा.

म्हणून बायांनो, अर्ज नेण्याआधी गावाची मतदार यादी काढा. घरोघर फिरून मेलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावे शोधा, नमुना 7 भरून ती कमी करून घ्या आणि मतदानाची तारीख ऊसतोडीच्या हंगामात लावू देऊ नका. मोर्चा त्यानंतर काढा.