हरकतवाले अण्णा

कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात एक अण्णा असतात. निवृत्त मुख्याध्यापक, नाहीतर पोस्टमास्तर. पेपर आला की बाकीचे आधी निधनवार्ता बघतात, अण्णा जाहीर सूचना. खाण, बंदर, वीजप्रकल्प, काहीही असो. 'जनसुनावणी' दिसली की कालनिर्णय काढून बोटं मोजायला लागतात. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे सूचनेला किमान ३० दिवस द्यावे लागतात. २९च भरले की अण्णांच्या घरी सण!

मग रोज कचेरीत बाकावर बसून प्रकल्पाचा अख्खा पर्यावरण अहवाल वाचायचा. रत्नागिरीकडच्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरवलेला निघाला होता, पक्ष्यांसाठी स्प्रूस आणि बर्चची जंगलं वगैरे. ही गोष्ट अण्णा लग्नाच्या पंगतीतही सांगतात. "ऐन, किंजळ सोडून बर्च! कुठल्या सर्व्हे नंबरात हो?" सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, कोणी 'पडीक' लिहिलं तर त्यांचे कान लाल होतात. "श्रावणात या म्हणावं, फुलं न तुडवता चालून दाखवा."

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब. अण्णा आधी गाठतात चित्रीकरणवाल्या पोराला. "चालू आहे ना रे? लाल दिवा दिसत नाही." मग माइक. "मुद्दा क्रमांक एक, उपमुद्दा अ." उपमुद्दा क येईपर्यंत गाडी स्वतःच्या विहिरीवर घसरलेली असते. मागून पोरं ओरडतात, "अण्णा, आवरा!" साहेब म्हणतात, "नोंद घेतली." "घेतलीत, पण लिहिलीत का?" निवेदन देऊन पोच घेतल्याशिवाय ते हलत नाहीत. देवापुढे नैवेद्य ठेवला तरी पोच मागतील, असं काकू म्हणतात.

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर चहा संपलेला, मंडप रिकामा. अण्णा पहिल्या रांगेत. "'चिंता व्यक्त केली' खोडा. 'हरकत घेतली' लिहा."

कटकट आहे खरी. पण सुनावणीत मतदान नसतं. प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे जातं ते तिथं लिहिलेलं. आणि किमान हजेरीची अटही नाही. एकटे अण्णा आले तरी कागदोपत्री सुनावणी झालीच. तेव्हा पुढची सूचना दिसली की जा. बोलायची गरज नाही, ते अण्णा बघतील.