घटनात्मक सवडीचा सिद्धांत

सत्ताविभाजन, न्यायिक पुनर्विलोकन, मूलभूत चौकट हे सगळे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर घोकावे, परीक्षेत त्यावरच प्रश्न येतात. पण प्रत्यक्ष कारभार ज्यावर चालतो त्या सिद्धांतावर अजून कोणी गाईड काढलेले नाही. तो सिद्धांत एका ओळीचा आहे: खुर्ची जितकी उंच, तितकी सवड मोठी.

याला थेट घटना समितीचा आधार आहे. राष्ट्रपतींना विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचे असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत पाठवावे, असे मूळ मसुद्यात होते. १९४९ साली डॉ. आंबेडकरांनी ते सहा आठवडे काढून ‘शक्य तितक्या लवकर’ अशी दुरुस्ती सुचवली. ह. वि. कामतांनी हरकत घेतली, की हे फारच मोघम होते आहे. दुरुस्ती मंजूर झाली. राज्यपालांच्या अनुच्छेद २०० मध्येही तेच शब्द बसले. एवढ्या मोठ्या माणसाला तारीख काय सांगायची, असा तो भिडस्त काळ होता.

पुढच्या पिढ्यांनी त्या भिडेचे सोने केले. महाराष्ट्र विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात नावे पाठवली. राजभवनाने ती ठेवून घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणाले, आठ महिने पुरेसे झाले, आता काय ते ठरवणे हे कर्तव्य आहे. मात्र राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. म्हणजे कर्तव्य पक्के, विचारणारा कोणी नाही. यादी मुरत राहिली, सरकार बदलले, नव्या सरकारने ती २०२२ मध्ये मागे घेतली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बारापैकी सात जणांचा शपथविधी झाला आणि त्यानंतर काही तासांतच विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्या दिवशी ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती लवकर, हे महाराष्ट्राला प्रथमच दिसले.

विधानसभा अध्यक्षांचेही तसेच. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या बंडानंतरच्या अपात्रतेच्या अर्जांवर वाजवी मुदतीत निर्णय घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. मग कानउघाडणी केली, मग तारीख दिली, मग ती तारीख वाढवूनही दिली. १० जानेवारी २०२४ रोजी निकाल लागला: दोन्हीकडचे कोणीच अपात्र नाही. इतका वेळ घेऊन सर्वांना पास करणारा परीक्षक विद्यापीठालाही मिळणार नाही.

तमिळनाडूने मात्र रसभंग केला. तिथली दहा विधेयके राजभवनात अडकली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी चक्क महिन्यांचे हिशेब घालून दिले आणि त्या विधेयकांना संमती मिळाली असे समजा, म्हणाले. नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींनी सांगितले, अशी मुदत न्यायालयाला घालता येत नाही, मानीव संमती ही कल्पनाही घटनेत बसत नाही. फारच कारणाशिवाय रखडले तर ‘निर्णय घ्या’ एवढे म्हणता येईल. किती दिवसांत? वाजवी मुदतीत.

तारीख लिहून ठेवली असती तर हे टळले असते, असे कोणी म्हणेल. त्याने महापालिका पाहाव्यात. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करावी, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने स्वच्छ लिहिले आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रभाग चार सदस्यांचे की तीनचे, आरक्षण किती, यावर सगळे मन लावून विचार करत होते. नगरसेवक नव्हते. करवसुली होती.

त्याच काळातला एका महापालिकेच्या करभरणा खिडकीवरचा हा संवाद. आमचे एक घटनाप्रेमी मित्र मालमत्ता कराचे बिल घेऊन उभे होते.

“मी हे बिल विचारार्थ राखून ठेवलं आहे,” मित्र म्हणाले.

“काका, तारीख उलटली. महिन्याला दोन टक्के शास्ती लागते.”

“शक्य तितक्या लवकर निर्णय घेईन. कारणं देणं माझ्यावर बंधनकारक नाही.”

“मग राष्ट्रपतींकडे पाठवताय का?” खिडकीतल्या बाई वर न बघता म्हणाल्या. आमच्या मित्राला वाटले, घटना वाचलेली दिसते. तेवढ्यात बाईंनी स्टेपलर आपटला. “हल्ली सगळे तेच बोलतात. रोख, चेक, की यूपीआय?”

मित्राने शास्तीसकट यूपीआय केले.

“शास्ती माफीचा अर्ज करता येतो ना?”

“येतो की. आयुक्तांच्या नावाने द्या. आवक-जावकला.”

“निर्णय कधीपर्यंत?”

बाईंनी पुढच्या माणसाचे बिल हातात घेतले होते.