साठीच्या मित्रासाठी व्हायोलिन

तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला साठीला द्यावं तरी काय? शाल द्यावी, तर निपाणीत सत्कारांना तोटा नाही आणि त्याचं कपाट शालींनी भरलेलं. घड्याळ द्यावं, तर वेळ बघण्याच्या जाचातून आत्ता कुठे तो सुटलाय. मग आठवलं त्याचं गुणगुणणं. हॉस्टेलात असताना रेडिओवर धारवाड लागो की सांगली, प्रभाकर जोगांचं व्हायोलिन सुरू झालं की याचा घास हातातच राहायचा. जोगांच्या गजातून भावगीताचे शब्दसुद्धा ऐकू यायचे आणि हा ओठ न हलवता ते मनात म्हणत बसायचा. पुढे वखार आली, संसार आला, व्हायोलिन राहून गेलं. तेव्हा व्हायोलिनच द्यायचं ठरवलं. ठरवायला आपलं काय जातं!

बेळगाव तसं पेटीचं गाव. रामभाऊ विजापुऱ्यांनी इथे शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. पेटीचा स्वभाव मोठा उदार. पट्टी दाबली की सूर येतो, मग दाबणारा कुणी का असेना. तंबोरा हवा असता तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. पंढरपूरकडचा भोपळा तिथे जाऊन गायला लागतो. व्हायोलिनचं गणित मात्र वेगळं, कारण त्याला पडदे नाहीत. सा कुठे संपतो आणि रे कुठे सुरू होतो, हे त्या काळ्या पट्टीवर कुणीही आखून ठेवलेलं नाही. १९५६ पासून राज्यांच्या सीमेची रेघ कुठून जायला हवी होती यावर वाद घालणाऱ्या आमच्या मुलखाला हे बिनरेघेचं वाद्य खरं तर कधीच आवडायला हवं होतं. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं असं मानतात. घाटाखाली गोव्यात चर्चच्या शाळांनी ते पोरांच्या हनुवटीखाली दिलं. गजाननराव जोशी तर ख्यालही गायचे आणि व्हायोलिनही वाजवायचे. इतक्या सगळ्यांचं असल्यामुळे ते नेमकं कुणाचं, हे विचारायला अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही.

वाद्यांच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न होता, "वय काय पोराचं?" व्हायोलिन हाताच्या लांबीवर मिळतं, अर्धं, पाऊण, पूर्ण. मी म्हटलं, "साठ." त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मग पूर्णच घ्या की. आता काय वाढणार न्हाईत ते." मग जरा थांबून, डॉक्टरनं विचारावं तशा स्वरात, "मांडी घालता येती काय त्यांना?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवतात. मित्राचे गुडघे डोळ्यांसमोर आले. "उभं राहून वाजवतील," मी परस्पर सांगून टाकलं. अशा रीतीने शास्त्रीय संगीताला मुकून तो माझ्या मनात एकदम गोव्याच्या लग्नातल्या बँडमध्ये जाऊन उभा राहिला.

व्हायोलिनं समोर मांडली गेली. दुकानदारानं एकेक वाजवून दाखवलं; सगळीच गोड. मग मी एकेक वाजवलं. सगळीच सारखी किंचाळली. निवड करायची कशी? त्यानं एकाच्या पोटावरच्या वळणदार छिद्रातून मोबाइलचा उजेड आत सोडला. आतल्या चिठ्ठीवर चक्क स्ट्राडिव्हारीचं नाव! क्रेमोनाचा तो कारागीर १७३७ साली वारला. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या मात्र कारखान्यांतून अजून चिकटवल्या जातात. चिठ्ठीपलीकडे एक बारीकशी काडी उभी होती, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये. तिला डिंक नाही, खिळा नाही. तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर पडते, आणि ती पडली की आवाज गेला. इथे मैत्रीविषयी काहीतरी लिहिण्याचा मोह होतो. तो आवरतो.

शेवटी मी आवाज बाजूला ठेवून मित्राचाच विचार केला. पानांची प्रत बोटांच्या चिमटीत ओळखणारा हा माणूस. त्याची ती तपकिरी पडलेली बोटं कोणत्या मानेवर बरी दिसतील? सर्वांत गडद रंगाचं उचललं. वाळलेल्या तंबाखूच्या रंगाचं, असं म्हटलं तरी चालेल. तो कधी नीट वाजवेल असं मला वाटत नाही. वखारीत आयुष्यभर त्याला चुकायची मुभा नव्हती, एक चुकलेला भाव वर्षाचं गणित घालवायचा. आता रोज सकाळी तासभर मनसोक्त बेसूर व्हावं, कुणाचं नुकसान न करता. शेजाऱ्यांचं थोडं होईल.

तुम्हीही कुणासाठी घेणार असाल तर राळेची वडी मागून घ्या. कोऱ्या गजाला ती घासल्याशिवाय व्हायोलिनमधून आवाज निघत नाही. आणि मित्राच्या घरी परीक्षा चालू असतील, तर वडी आठवडाभर उशिरा दिली तरी चालते.