रुजू झाल्यावर प्रथम मामांना भेटावे

प्रति,
नवनियुक्त कनिष्ठ लिपिक,
नळदुर्ग येथील एक अनुदानित हायस्कूल.

विषय : दैनंदिन कामकाजाबाबत मार्गदर्शक सूचना.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण ज्या गावी रुजू झाला आहात तेथे देवाचेही कागदावाचून भागत नाही. खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि थोडा काळ आमच्या मैलारपूरच्या देवळात. मूर्ती न्यायची-आणायची वेळ आली की दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात, तेव्हा कुठे देव हलतो. आपण तर अद्याप वैयक्तिक मान्यता न आलेले लिपिक. सबब, जावक क्रमांक पडल्याशिवाय टेबलावरचे खोडरबरही जागचे हलू देऊ नये.

कलम पहिले. रुजू झाल्यावर प्रथम मुख्याध्यापकांना भेटावे, असा रिवाज आहे. ते भेटणार नाहीत. ते धाराशिवला मीटिंगला गेलेले असतात. एके काळी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गातच होते. निजामाच्या राजवटीत ते इथून उठले, आणि तेव्हापासून नळदुर्गकर सहीशिक्क्यासाठी तुळजापूर ओलांडून जातो आहे. म्हणून प्रथम मामांना भेटावे. मामा म्हणजे शिपाई. मस्टरवर त्यांचे नाव सर्वांत खाली असते आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला.

जुडग्यातली प्रत्येक किल्ली बिनचिठ्ठीची आहे. दप्तरखान्यातल्या तिसऱ्या लोखंडी कपाटाची किल्ली घेऊन आपण दहा मिनिटे झटापट कराल. मग मामा येतील आणि म्हणतील, “साहेब, नुसती फिरवू नका. आधी खालून गुडघा लावा, मंग फिरवा.” कपाट उघडेल. ही माहिती माध्यमिक शाळा संहितेत नाही.

कलम दुसरे. जनरल रजिस्टर हा शाळेचा प्राण होय. इमारत गळली तर निधी मागता येतो, रजिस्टर भिजले तर कोणाकडेच काही मागता येत नाही. यात खाडाखोड करू नये, व्हाइटनरची बाटली तर त्या खोलीतही नेऊ नये. दुरुस्ती करायचीच झाली तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणावी, लाल शाईने नोंद करावी, शेजारी आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पालक म्हणेल, “एक अक्षर तर बदलायचंय, दोन मिनिटांचं काम!” त्यास बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, अक्षर देऊ नये.

जुनी पाने चाळताना आपणांस एक चमत्कार दिसेल. आपल्या तालुक्यातली निम्मी जुनी पिढी 1 जून रोजी जन्मली आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची. “मोठा पाऊस झाला त्या साली” एवढाच पुरावा. गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, वयाचा अंदाज घ्यायचे आणि शाळा ज्या महिन्यात उघडते त्याची पहिली तारीख ठोकून द्यायचे. त्या एका तारखेवर पुढे नोकऱ्या लागल्या, लग्ने जुळली, निवृत्तीचे हिशेब झाले. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे हे सगळे 31 मेला, भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळेत टाळ्या वाजवायलाही कोणी नसते.

त्याहून जुने रजिस्टर लाल कापडाच्या गाठोड्यात आहे. ते उर्दूत आहे आणि त्यात फसली साल आहे. घाबरू नये. फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर सालात 590 मिळवावे, जानेवारीपासून पुढची असेल तर 591. फसली 1357 च्या शेवटच्या दिवसांत, 13 सप्टेंबर 1948 रोजी, भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात शिरले आणि आठवडाभरात निजामाची सत्ता आटोपली. गाठोडी तेवढी राहिली. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि ज्या खोलीत वर्षानुवर्षे पालींखेरीज कोणी गेले नव्हते तिथे लोक रांग लावून उभे राहिले. उर्दू वाचायला निवृत्त उर्दू गुरुजींना बोलवावे. कोणत्या गाठोड्यात काय आहे ते मामांना विचारावे. मामांना उर्दू येत नाही, पण गाठोड्याच्या गाठीवरून साल सांगतात.

कलम तिसरे मंजुरीसाठी वरिष्ठ कार्यालयास सादर केले असून अद्याप प्राप्त नाही.

कलम चौथे. पत्रांची प्रतवारी ओळखावी. नुसते ‘तात्काळ’ म्हणजे पुढच्या आठवड्यात स्मरणपत्र येईल. ‘अतितात्काळ’ म्हणजे परवा येईल. ‘आजच’ असे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दुपारी साडेचारला येते, सोबत गुगल फॉर्मची लिंक असते आणि मुदत पाचची असते. त्यात जी माहिती विचारली आहे ती गेल्या महिन्यात हार्ड कॉपीत दोन प्रतींत दिलेली असते, त्याआधी यू-डायस प्लसवर भरलेली असते आणि सरलवर अजून चक्री फिरत असते. तक्रार करू नये. माहिती नसली तरी ‘निरंक’ असे कळवावेच लागते. न कळवल्यास आपल्याकडे काहीच नाही हे कार्यालयास कळणार कसे?

मला एक सांगा, एवढी माहिती जमा होते तर ती जाते कुठे? एकाही साहेबाने आजवर फोन करून विचारलेले नाही की, तुमच्या आठवीच्या वर्गातली ती सात पोरे दिवाळीनंतर कुठे गेली. त्यातली काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, दोन आजीपाशी राहिली आहेत, एक परत येईल. हे मामांना ठाऊक आहे. मामांच्या मोबाइलवर लिंक येत नाही. असो. हा मजकूर जावक करू नये.

कलम पाचवे. जिल्ह्याचे नाव 2023 पासून धाराशिव आहे. जुना शिक्का ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवावा. तो चुकून हाती आल्यास दाखला बाद होऊन पालक पुण्याहून परत येतो. एखाद्या पोर्टलवर जिल्हा सापडला नाही तर शांतपणे जुन्या नावाने शोधावा.

कलम सहावे. पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून रजिस्टरात चव नोंदवावी. ‘चांगली’ असे लिहितात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढेही ‘चांगली’ असेच लिहितात. कागदोपत्री पाहता नळदुर्गात खिचडी आणि माणसे आजवर कधी बिघडलेली नाहीत.

कलम सातवे, हे हंगामी आहे. बोरी नदीला पाणी वाढून किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळू लागले की नववी-दहावीच्या हजेरीत अचानक पोटदुखीची साथ येते. सोलापूरहून, हैदराबादेहून लोक गाड्या भरभरून पाणीमहाल बघायला येतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल केला, वरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा राहतो. गावच्या पोरांनी मात्र वर्गात बसून भूमिती करावी अशी आमची अपेक्षा. या दिवसांत गैरहजर मुलांची यादी करून मामांना सायकलवर किल्ल्याकडे पाठवावे. ते तासाभराने भिजून परत येतील आणि “एकबी दिसला नाही” असे सांगतील. त्यांच्यामागून दहा-बारा ओली पोरे गेटमधून आत येतील. अहवालात ‘निरंक’ लिहावे.

कलम आठवे. 30 सप्टेंबर ही तारीख जप करावा तशी घोकावी. त्या दिवशीच्या पटावर संच मान्यता होते. पट उतरला की शिक्षकाचे पद उतरते. पट म्हणजे आता आधार जुळलेला पट. रजिस्टरात सोमनाथ, आधारवर सोमनाथप्पा, एवढ्यावर पोरगा पोर्टलच्या लेखी अस्तित्वात नसतो, बाकावर बसून डबा खात असला तरी.

कलम नववे. घंटा. नळदुर्गला रेल्वे नाही, पण रुळाचा तुकडा आहे. तो व्हरांड्यात टांगला आहे. मध्यंतरी कोणीतरी विजेची घंटा बसवली. वीज गेली की तास संपत नाही, म्हणून पुन्हा रूळच.

कलम दहावे व अखेरचे. आपले मामा रजिस्टरप्रमाणे 1 जूनचे आहेत. येत्या 31 मेला ते निवृत्त होतील. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार खाजगी अनुदानित शाळेतले शिपायाचे पद रिकामे झाले की ते संपते आणि त्या जागी शिपाई भत्ता मिळतो. महानगरपालिका नसलेल्या आपल्यासारख्या गावी तो महिना पाच हजार रुपये ठरला. पाच हजारांत कोणीतरी झाडलोट करील, पाणी भरील, टपाल नेईल. गुडघा कुठे लावायचा, लाल गाठोडे कोणते, सात पोरांपैकी परत येणारे कोणते, ही कामे त्या निर्णयात नमूद नाहीत. त्यांचा दर ठरवणार तरी कसा म्हणा.

तेव्हा आपण पुढीलप्रमाणे कार्यवाही करावी. रोज मधल्या सुट्टीत वही घेऊन मामांजवळ बसावे आणि किल्ल्यांना चिठ्ठ्या लावून घ्याव्यात. त्यांचे सेवापुस्तक आजच काढून पडताळून घ्यावे. वेतनवाढीच्या नोंदी, रजेचा हिशेब, वारसाचे नामनिर्देशन, सगळे तपासावे. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव सहा महिने अगोदर पाठवावा. तो धाराशिवहून नागपूरच्या महालेखापालांकडे जातो आणि तिथून एका सहीसाठी परत येऊ शकतो. बाकी फायली थांबल्या तरी चालतील. या एका फायलीत त्रुटी निघता कामा नये.