नवशिक्यांसाठी भाजीसंगोपन

लग्न, नोकरी किंवा बदली यांपैकी कुठल्याही कारणाने ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच फ्रिज पडला आहे, त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम. साहित्य : फ्रिज, दोन-चार सुती फडकी, झाकणाचे डबे आणि घरात खाणारी माणसं. शेवटचं साहित्य आधी मोजून घ्यावं.

सुरुवात मंडईत होते. रात्री साडेआठला भाजीवाल्या मावशी “तीन जुड्या घेऊन टाक रे, घरी जायचंय मला” म्हणतात आणि नवशिक्याला आपण पैसे वाचवले असं वाटतं. घरी माणसं दोन, मेथीच्या जुड्या तीन, शिवाय वर फुकट आलेली कोथिंबीर. मेथी निवडायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक नसतं. मावशींना असतं.

पिशवी आहे तशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सारावी आणि आठवडाभर तिकडे फिरकू नये. मग कप्पा ओढला की कोथिंबीर द्रवरूपात भेटते. त्या काळपट हिरव्या रश्श्यात जुडीला बांधलेला दोरा तेवढा ताजातवाना असतो. पहिला धडा इथे संपला. कप्पा धुवा.

दुसऱ्या खेपेला माणूस शहाणा होतो. सगळी भाजी आणल्या आणल्या नळाखाली धरतो आणि निथळत्या अंगाने डब्यात कोंबतो. ही तीन दिवसांत जाते. पानांवर पाणी राहिलं की कुजणं आलंच. तेव्हा कोथिंबीर न धुता निवडावी, पिवळी आणि चिघळलेली पानं आधी काढावीत, कारण एक सडकं पान अख्खी जुडी घेऊन जातं. मुळं कापून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. फडकं दमट झालं की बदलावं. वर्तमानपत्रही चालवतात लोक, पण शाई भाजीला लागते. बातम्या तर शिळ्या असतातच. मिरच्यांची देठं खुडून ठेवावीत, सड तिथूनच सुरू होते. भेंडी चिरायच्या आधी धुवावी आणि पुसावी. ज्यांनी ओली भेंडी चिरली आहे त्यांना कारण सांगायला नको.

आता फ्रिजवरची अंधश्रद्धा. आत गेलं ते वाचलं, असं नसतं. बटाटा फार थंडीत ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते. मग काचऱ्या गोडसर लागतात आणि तळताना काळ्या पडतात. टोमॅटोची चव जाते. कांद्याला तर वाराच हवा. नाशिककडे शेतकरी कांदाचाळ बांधतात ती जमिनीपासून उचलून, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी. आपण तोच कांदा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओट्याखाली ढकलतो आणि महिन्याभराने त्याला फुटलेली पात पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. बटाटा शेजारी असेल तर त्यालाही कोंब. या दोघांची गाठ भज्यांच्या ताटातच घालून द्यावी.

पिकलेली केळी, आंबे, सफरचंदं यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याच्या शेजाराने काकडी आणि पालेभाजी लवकर पिवळी पडते. वाईट संगतीबद्दल आमची आजी जे सांगायची, ते इतकं शास्त्रीय असेल असं वाटलं नव्हतं.

एवढं सगळं ज्याला झेपणार नाही, त्याने लाल भोपळा घ्यावा. देठासकट, अख्खा, कुठे खरचटलेला नसावा. कोरड्या हवेशीर जागी दोन-तीन महिने तो तुमच्याकडे काही मागत नाही. आमचा गणपतीत आणलेला आहे. दिवाळी झाली, तो तसाच आहे. चिरला की मात्र चार दिवसांत संपवावा लागतो, आणि सहा किलोंचा आहे. खाणारे आम्ही दोघंच. अर्धा हवा असेल त्यांनी पिशवी घेऊन यावं.